पेशींना घर मानवलं

"माझं घर म्हणजे दुसरी प्रयोगशाळाच समजा, सर! माझ्या घरात मला विचारल्याशिवाय चमचासुद्धा जागचा हलत नाही!"

डॉक्टरबाईंनी संस्थेच्या संचालकांना हे ठणकावून सांगितलं, तेव्हा त्या घामाने निथळत होत्या. उकाड्यात माणूस काहीही बोलून जातो. अंग वाळल्यावर ते शब्द परत घ्यायची सोय असायला हवी होती, पण तोवर संचालकांनी "वा! मग प्रश्नच मिटला!" म्हणत फोन उचलून गाडीसुद्धा मागवली होती.

आता खरं सांगायचं तर त्या घरात चमचे काय, माणसंही जागेवर सापडत नसत. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा चष्मा सासऱ्यांच्या नाकावर सापडला होता आणि छत्री मुलगी शाळेत विसरून आली होती. दुपारी जेवायला पिशवी उघडली, तर डब्याच्या जागी नवऱ्याचे पाने, पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर निघाले. जेवायला डबा नाही म्हणून त्या उपाशी होत्या, उपाशी होत्या म्हणून चिडल्या होत्या, आणि चिडल्या होत्या म्हणून फुशारकी मारून बसल्या.

डॉक्टरबाई माणसांच्या डॉक्टर नव्हत्या. वनस्पतींच्या होत्या. इमारतीतल्या लोकांना मात्र हे पटत नसे. जिन्यात कोणी ना कोणी गुडघा पुढे करून उभं असायचंच. "अहो, मी झाडांची डॉक्टर," असं सांगितलं की लोक म्हणायचे, "चालेल! मग कुठला पाला बांधू तेवढं सांगा."

त्यांचं काम असं. डोंगरउतारावर एक झुडूप येतं. त्याच्या मुळात लाल रंगाचं एक द्रव्य असतं आणि भाजलेल्या जखमेवर त्याचं मलम फार गुणकारी. अडचण एवढीच, की मूळ काढायचं तर अख्खं झुडूप उपटावं लागतं, आणि लोकांनी उपटून उपटून डोंगरांची टकलं केली होती. म्हणून संस्थेने ठरवलं, की मुळाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, काचेच्या फ्लास्कमध्ये साखर-क्षारांच्या पाण्यात त्याच्या पेशी वाढवायच्या, ते फ्लास्क शेकर नावाच्या यंत्रावर गोल गोल हलवत ठेवायचे आणि लाल द्रव्य थेट फ्लास्कमधून काढायचं. डोंगर डोंगराच्या जागी, औषध औषधाच्या जागी!

कल्पना झकास होती. फक्त पेशी रंग देत नव्हत्या. खायच्या, प्यायच्या, शेकरवर झुलायच्या, एकीच्या दोन आणि दोनाच्या चार व्हायच्या, आणि रंगाचं नाव काढलं की तांदूळ धुतल्या पाण्यासारखं फिकट तोंड करून बसायच्या. घरजावई परवडला, तो निदान सणासुदीला तरी बाजारातून भाजी आणतो!

कारण साधं होतं. जमिनीत त्या झुडपाला थंडी सोसावी लागते, कीड-बुरशीशी झगडावं लागतं, तेव्हा कुठे ते स्वतःच्या बचावासाठी हे लाल द्रव्य तयार करतं. फ्लास्कमध्ये सगळाच आराम. कशाला करतील? डॉक्टरबाईंनी तीन वर्षं त्यांना शास्त्रशुद्ध त्रास देऊन पाहिला. साखर तोडली, खारट पाजलं, गारठवलं, उकळून मारलेल्या बुरशीचा अर्क घातला. पेशी एक तर मरायच्या, नाहीतर पूर्वीपेक्षा गुटगुटीत व्हायच्या. पेशींना त्रास देता देता डॉक्टरबाईंच्याच डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली.

आणि आता या प्रकल्पाला पैसे पुरवणाऱ्या औषध कंपनीची माणसं पुढच्या आठवड्याअखेर शेवटची पाहणी करायला येणार होती. रंग दिसला नाही, तर प्रकल्प गुंडाळायचा. मग डॉक्टरबाईंची रवानगी शोभेच्या रोपांच्या विभागात, आणि त्यांच्या मदतनीस बाईंची थेट घरी, कारण त्या कंत्राटी. या मदतनीस बाई समोर दिसेल त्या वस्तूवर स्पिरिट फवारून पुसायच्या, म्हणून सगळी संस्था त्यांना स्पिरिटबाई म्हणायची. फ्लास्कमध्ये एक जंतू शिरला तरी पेशी नासतात, त्यामुळे त्यांचंही बरोबरच होतं. फक्त एकदा त्यांनी संचालकांची खुर्ची संचालक बसलेले असतानाच पुसली होती.

नेमक्या याच मुहूर्तावर फ्लास्क ठेवायच्या वाढीच्या खोलीतला एसी बंद पडला. मेकॅनिकने त्याच्या पोटात हात घालून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "पार्ट लांबून मागवावा लागेल." खोलीची भट्टी झाली. संचालकांच्या खोलीत एसी होता, पण ते म्हणाले, "तिथे पाहुणे बसतात हो. आणि तुमचं ते यंत्र घुरघुरतं." मग डॉक्टरबाईंना आपल्या झोपण्याच्या खोलीतला एसी आठवला, आणि मघाशी सांगितलं ते वाक्य तोंडातून निघून गेलं.

फ्लास्क मांडीवर बसून, पट्टे बांधून, तान्ह्या बाळांसारखे घरी आले. स्पिरिटबाईंनी आधी खोली फवारली, मग दाराची मूठ, मग नवऱ्याचे हात, आणि मग नवऱ्याच्या आत्याबाई दारात बघायला आल्या तर त्यांनाही.

"अगं, काय शिंपडतेस अंगावर? मी आंघोळ केलीये!"

"आजी, आंघोळीने सगळे जंतू मरत नाहीत."

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

शेकर सुरू झाला. घुर्रर्र... घुर्रर्र... खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "गिरणी टाकलीत का?" सासरे म्हणाले, "नाही हो, औषध बनतंय." काकांनी तिथल्या तिथे गुडघा पुढे केला.

रात्रीपासून सगळं कुटुंब बैठकीच्या खोलीत झोपणार, हे डॉक्टरबाईंनी जाहीर केलं. "त्या खोलीत कोणी जायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. एसीला नाही, यंत्राला नाही, फ्लास्कला तर नाहीच नाही. कळलं?"

"कळलं," सगळे एका सुरात म्हणाले. सासरे, आत्याबाई, नवरा, मुलगी. इतक्या एकमताने ते घर आजवर काहीच बोललं नव्हतं. डॉक्टरबाईंनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण त्या दमलेल्या होत्या. पुढचे काही दिवस त्या सकाळी फ्लास्क बघून संस्थेत जायच्या, मेकॅनिकशी भांडायच्या, पाहणीची तयारी करायच्या आणि संध्याकाळी येऊन परत फ्लास्क बघायच्या. सगळे फिकट. अगदी कोपऱ्यातला एक तर इतका सुरेख दुधाळ दिसत होता, की त्यांनी नवऱ्याला हाक मारून दाखवला. "बघा, किती निरोगी वाढ आहे! एक गाठ नाही. पाहुण्यांना तुलनेसाठी हाच दाखवायचा."

नवरा म्हणाला, "छानच आहे," आणि घाईघाईने कपडे वाळत घालायला गेला.

पाहुणे उद्या येणार, आणि आज सकाळी डॉक्टरबाईंनी खोलीचं दार उघडलं. रांगेतला तिसरा फ्लास्क लाल!

थोडाथोडका नाही. डाळिंब फोडल्यासारखा लाल! तीन वर्षं ज्या रंगासाठी जीव आटवला, तो रंग त्यांच्याच पलंगाशेजारी, नवऱ्याच्या जुन्या चपलांच्या वर, गोल गोल फिरत होता. डॉक्टरबाई दोन वेळा डोळे पुसून आल्या. तरी लालच. मग त्या ओरडल्या,

"कोणी केलं हे?"

आवाज आनंदाने चिरकला होता. पण आनंदाने चिरकलेला आवाज आणि रागाने चिरकलेला आवाज यांतला फरक त्या घरात कोणाला कळायचं कारण नव्हतं. पहिल्या प्रकारचा आवाज कोणी फारसा ऐकलेलाच नव्हता.

कुटुंब दारात गोळा झालं.

"मी या खोलीत पाऊल टाकलेलं नाही!" सासरे म्हणाले. त्यांच्या अंगात याच खोलीच्या दारामागे टांगलेला स्वेटर होता.

"मला तर गुडघ्यांमुळे इथवर येववतच नाही," आत्याबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून आल्या होत्या, आणि बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघर या खोलीपेक्षा दुप्पट लांब होतं.

"मी शाळेत होते," मुलगी म्हणाली.

"आणि रविवारी?"

"रविवारीसुद्धा!"

नवऱ्याने फक्त विचारलं, "म्हणजे नक्की काय काय... सापडलंय तुला?"

"अहो, ही चांगली गोष्ट आहे! मला नुसतं सांगा, कोणी काय केलं. मी रागावणार नाही."

हे ऐकून सगळेच एक पाऊल मागे सरले.

"मिक्सरच्या भांड्याच्या वेळी तू असंच म्हणाली होतीस," नवरा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी गोड बोलून पाहिलं. शपथ घातली. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अहो, माझ्यावर उपकार करा आणि गुन्हा कबूल करा!" सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. आत्याबाईंना एकदम काही ऐकू येईनासं झालं. मुलीने दप्तर उचललं आणि ज्या शाळेत जायला एरवी तिला ढकलावं लागायचं, तिकडे ती धावत सुटली.

स्पिरिटबाई सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. तिसऱ्या फ्लास्कमधला थेंब काचेवर घेतला, आणि नळीला डोळा लावला.

"मॅडम, पेशी जिवंत आहेत. लालबुंद आहेत."

"खरंच?"

"पण सोबत पाहुणे आहेत. जंतू. ढिगाने! कोणीतरी कापसाचं बूच उघडलंय." आणि मग त्या मटकन पलंगावर बसल्या. फवाऱ्याची बाटली मांडीवर. डोळ्यांत पाणी. "तीन वर्षं मी पुसतेय, मॅडम. हाताची सालं गेली. आणि या बयांना घाणच हवी होती?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

त्यांनी संचालकांना फोन लावला. "सर, रंग आला!" पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "शाब्बास! कसा आला?" "तेच शोधतेय, सर." "शोधा, शोधा! मी कंपनीला कळवून टाकतो!" "सर, थांबा, अजून..." फोन बंद. दुसऱ्या दिवशी संचालक कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन थेट घरीच आले.

पाहुणे दोघं. एक व्यवस्थापक, जे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, कधीकधी वाक्याच्या आधीही. आणि एक ज्येष्ठ तज्ज्ञबाई, ज्यांनी घरात आल्यापासून एकदाही मान डोलवली नव्हती. त्या शेकरसमोर वाकून उभ्या राहिल्या. लाल फ्लास्क बराच वेळ पाहिला. थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"रंग खरा आहे," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

डॉक्टरबाईंनी दाराकडे बघितलं. संचालकांना राहवेना. त्यांनी दाराआडून डोकावणाऱ्या चार डोक्यांकडे वळून हात पसरले. "घाबरू नका! उलट ज्याने कोणी हे केलं असेल, त्याचं नाव आम्ही शोधनिबंधात छापू! जगभर वाचतील!"

मग धरण फुटलं!

"मी केलं!" सासरे पुढे आले. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक होते आणि सरळ उभे राहिले की अजूनही दुकानदार शटर ओढतील असे दिसायचे. "दुपारी मी इथे जरा आडवा व्हायला आलो. एसी कशाला वाया घालवायचा? बघतो तर सगळ्या बाटल्यांत माल सारखा, आणि तिसरीत बोटभर जास्त! हे काय माप झालं? मी जास्तीचं काढून सारखं करून ठेवलं."

"कशाने, बाबा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चहाच्या कपाने."

"चहाच्या कपाने!"

"विसळलेल्या!" सासरे दुखावले. "जरा जास्तच निघालं, ते कपातून परत त्याच बाटलीत ओतून टाकलं."

"दादा, उगाच श्रेय घेऊ नकोस!" आत्याबाई त्यांना बाजूला सारून आत आल्या. गुडघे एकदम ठणठणीत. "रंग माझ्यामुळे आलाय. ही बिचारी इतकी वर्षं काहीतरी विरजत घालते आणि ते काही लागत नाही. लागेल कसं? दिवसभर गदागदा हलवल्यावर दही लागतं का कधी? मी ते बटण बंद केलं, तिसऱ्या चंबूत चमचाभर चांगलं आंबट विरजण घातलं, आणि वर माझी शाल पांघरली. सकाळी शाल काढून बटण पुन्हा लावलं. हाक ना बोंब!"

"आणि मी एसी एकदम कमी केला होता," मुलगी म्हणाली. "सगळ्यात कमी. रोज शाळेतून आल्यावर. मला बर्फाच्या देशात राहून बघायचं होतं. दोन रजया घेऊन."

व्यवस्थापक मान डोलवत होते. स्पिरिटबाई भिंतीला टेकल्या होत्या. प्रत्येक वाक्यागणिक त्यांच्या हातातला फवारा आपोआप एकेकदा उडत होता.

"म्हणजे या फ्लास्कला जंतुसंसर्ग झाला, तो गारठला, हलणं थांबून त्याचा प्राणवायू तुटला आणि वर त्यात चहाही गेला," तज्ज्ञबाई म्हणाल्या. "ठीक आहे. तुलनेसाठी धडधाकट फ्लास्क दाखवा."

हे मात्र डॉक्टरबाईंच्या हातातलं होतं. त्यांनी कोपऱ्यातला तो सुरेख, दुधाळ फ्लास्क उचलून दिला. "हा पाहा. आमची सगळ्यात निरोगी वाढ."

तज्ज्ञबाईंनी थेंब घेतला. पाहिलं. काच बदलली. पुन्हा पाहिलं.

"यात पेशी नाहीत."

"अं?"

"एकही नाही. स्टार्च आहे. तांदळाचा असावा."

दाराआडून खोकल्याचा आवाज आला. नवरा पुढे झाला. कबुली द्यायचा तो एकटाच उरला होता. "कपडे वाळत घालायचा दांडा आत ठेवायला गेलो, तर त्याचं टोक लागलं," तो म्हणाला. "फ्लास्क आडवा झाला, बूच उडालं, सगळं सांडलं. काच फुटली नाही म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी भरून ठेवलं. दिसायला अगदी तसंच दिसत होतं. मला वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही."

"नाही आलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या सगळ्या आठवड्यात त्यांना सगळ्यात जड गेलं असेल तर हे. चहाचा कप नाही, विरजण नाही. तीन वर्षं रात्रंदिवस ज्या पेशींकडे डोळे लावून बसलो, त्यांच्यात आणि तांदळाच्या पाण्यात आपल्याला फरक कळला नाही!

"आणि मी त्याचं कौतुक केलं तुमच्यासमोर," त्या हळूच म्हणाल्या.

"हो ना," नवरा म्हणाला. "मलाच इतकं वाईट वाटलं तेव्हा."

सगळे तज्ज्ञबाईंकडे बघत होते. आता प्रकल्प गुंडाळला असं त्या म्हणणार, हे संचालकांच्या चेहऱ्यावर आधीच उमटलं होतं. पण तज्ज्ञबाईंच्या ओठाची एक कड किंचित वर गेली. हसू असेल किंवा दातही दुखत असेल.

"रंग खरा आहे, आणि मी इतका गडद रंग आजवर पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण तो कशाने आला हे कळलं नाही, तर उपयोग शून्य. एकेक गोष्ट वेगळी करून बघा. मुदत वाढवून देऊ."

"आम्ही तयार आहोत!" सासरे म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग त्या घराची जी कळा झाली ती विचारू नका. संस्थेतला पार्ट अजून आलेला नव्हता, त्यामुळे प्रयोग घरीच. एका फ्लास्कमध्ये सासऱ्यांनी नुसता कप बुडवला. तो फ्लास्क नासला. एकात आत्याबाईंनी नुसतं विरजण घातलं. त्याला असा वास सुटला की खालचे काका गुडघा विसरून तक्रार घेऊन आले. मुलीचा फ्लास्क नुसताच गारठला आणि मुलीला पडसं झालं. नवऱ्यालाही काहीतरी करावंसं वाटलं, म्हणून त्याने एक फ्लास्क हळूच आडवा करून पुन्हा उभा केला. रंग कशालाच नाही!

सासरे म्हणायचे, "माझा कप योग्य होता, तुझं विरजण जुनं." आत्याबाई म्हणायच्या, "तुझ्या हातात मापच नाही, दादा." ज्याने आयुष्यभर लोकांची मापं तपासली त्याला हे बोलणं! दोघांनी एकमेकांशी अबोला धरला आणि आपापले निरोप डॉक्टरबाईंमार्फत पाठवू लागले. एकाच सोफ्यावर बसून.

शेवटी वैतागून डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळे मिळून एकाच फ्लास्कला काय करायचं ते करा आणि मला सोडा!" त्यांनी हे शास्त्र म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना जरा पाठ टेकायची होती.

सगळ्यांनी केलं. कप, विरजण, शाल, गारठा. जाता-येता नवऱ्याचा धक्काही लागला. आणि काही दिवसांनी तो फ्लास्क लाल झाला. पुढचाही झाला. त्याच्या पुढचा तर इतका, की स्पिरिटबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग हात फवारून पुसले.

संचालक धावत आले. "डॉक्टरबाई, शास्त्रीय भाषेत सांगायचं तर या पेशींना एकत्र कुटुंब लागतं!"

"संस्थेत जमवू आपण, सर," डॉक्टरबाई आशेने म्हणाल्या. एव्हाना पार्ट आला होता, एसी दुरुस्त झाला होता. त्यांनी मोजून-मापून तोच कप, तेच विरजण, तोच गारठा वाढीच्या खोलीत नेला. पण स्पिरिटबाईंचा हात काही राहीना. कप बुडवायच्या आधी त्या पुसायच्या, बुडवल्यावरही पुसायच्या. पेशी पुन्हा गोऱ्यागोमट्या, गुटगुटीत, निर्लज्ज!

मग वरून निर्णय झाला. संस्थेतले उरलेसुरले फ्लास्कही घरी. जादा शेकर घरी. बैठकीच्या खोलीलाही एसी. कंपनी खूश, संचालक खूश, स्पिरिटबाईंची नोकरी पक्की. डोंगरावरची झुडपं वाचण्याची पहिल्यांदाच काहीतरी आशा दिसली होती, आणि त्याचा डॉक्टरबाईंना मनापासून आनंद होता. फक्त तो आनंद कुठे बसून करायचा, हा प्रश्न होता. घरात बसायला जागाच उरली नव्हती.

एका दुपारी त्या नमुने घ्यायला आपल्याच खोलीच्या दाराशी गेल्या, तर सासऱ्यांनी हात आडवा केला. निरीक्षक असताना घालायची टोपी त्यांनी पुन्हा बाहेर काढली होती.

"सूनबाई, हात धुतलेस?"

"हो, बाबा. आत्ताच धुतले."

"मग आत जाऊ नकोस! धुतलेल्या हातांनी सगळं बिघडतं. आधी जरा स्वयंपाकघरात फिरून ये."

आतून आत्याबाई ओरडल्या, "तिला म्हणावं दार लाव, विरजणाला वारा लागतोय!" मुलगी रजयांच्या ढिगातून डोकं काढून शिंकली. नवरा दोन शेकरच्या मधून अंग चोरत, ओले कपडे डोक्यावर घेऊन चालला होता, तो थांबला आणि म्हणाला, "तू जरा बाजूला उभी राहतेस का? आता माझी धक्का मारायची वेळ आहे."

डॉक्टरबाई बाजूला उभ्या राहिल्या. बाजूला म्हणजे जिन्यात. मग पर्स घेतली आणि सरळ संस्थेत निघून गेल्या.

वाढीची खोली रिकामी होती. एसी गार, हलक्या आवाजात चालला होता. मांडण्यांवर एकही फ्लास्क नाही, यंत्र नाही, माणूस नाही. पांढऱ्याशुभ्र फरशीवर धुळीचा कण नाही. डॉक्टरबाईंनी दार ओढून घेतलं, अंगातला कोट काढून खाली अंथरला, पर्स उशाला घेतली आणि आडव्या झाल्या. कोणी हाक मारली नाही. कोणी गुडघा पुढे केला नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

दार किलकिलं झालं. स्पिरिटबाई होत्या.

"मॅडम? घरून फोन आहे. बाई कुठे आहेत म्हणून विचारतायत."

डॉक्टरबाईंनी डोळे उघडले नाहीत. "सांगा, वाढीसाठी ठेवल्यायत."

स्पिरिटबाईंनी क्षणभर विचार केला. "आणि बाहेर कधी काढणार विचारलं, तर?"

"म्हणावं, इतक्यात नाही," डॉक्टरबाई कुशीवर वळत म्हणाल्या. "बाई अजून फार फिकट आहेत."